माळाची खुशाली

चाकण,
२२ जानेवारी २०२३

ती. रंभाताईंना स्वरूपाचा नमस्कार.

लग्नात आपलं धड बोलणंच झालं नाही. मांडवातल्या त्या स्पीकरसमोर मी काही विचारलं की तुम्ही नुसत्या हसायचात आणि माझ्या हातावर थोपटायचात. मागून रविराज म्हणाला, "ताईला कमी ऐकू येतं. फोनवर तर तिला नुसती घरघर ऐकू येते." म्हणून हे पत्र. लांज्याच्या वाचनालयात बरीच वर्षं काढल्यामुळे मला कागदावर बोलायची सवय आहे. तुम्हाला कंटाळा नसेल तर लिहीत जाईन.

घर लागलं. पाचवा मजला आहे, वारा भरपूर आहे, पाणी टँकरचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कंपन्यांची छपरं दिसतात आणि बेडरूमच्या खिडकीतून माळ, त्याच्यामागे वाघजाईचा डोंगर. पहिल्या दिवशी रविराजने मला तिथं उभं केलं आणि म्हणाला, "हा आपला माळ." मी म्हटलं, "बरं."

रागावू नका, पण मला तो बघवत नाही. झाड म्हणून नाही. डोंगराला टक्कल पडलंय आणि खाली वाळकं गवत. आमच्याकडे कोकणातही कातळाचा उघडा सडा असतो, पण सड्याच्या टोकाशी गेलं की खाली खाडी दिसते. इथं टोकाशी गेलं की ट्रकांची रांग दिसते. रविराज शिफ्टला गेला की मी ती खिडकी लावून घेते आणि दिवसभर ट्यूबलाइट लावून बसते. लग्न उशिरा झालं, घर मिळालं, माणूस चांगला मिळाला, तरी डोळ्यांना काही मिळालं नाही, असं वाटतं. हे तुमच्या भावाला सांगू नका.

तुमची,
स्वरूपा


अकलूज,
९ फेब्रुवारी २०२३

चि. सौ. स्वरूपास रंभाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर ठसठशीत हाय, मला वाचाय सोपं गेलं. माझं शिक्षण सातवीपतूर, तवा माझं सांभाळून घे.

तू डोंगराला टक्कल म्हणलीस, मला राग न्हाई आला, हसू आलं. खिडकीतनं माळ दिसत न्हाई बाई. उंचावरनं समदंच चपटं दिसतं. तू खाली उतर. सकाळी कंपनीच्या बसा सुटायच्या आधी जा, ऊन लांबडं असतं तवर. आन डोंगराकडं तोंड करू नको, उन्हाकडं कर. गवतात खाली बस आन कायबी करू नको. जुनी साडी नेस, कुसळं शिरत्यात.

आई गेली तवा रवी रांगत व्हता. बाबा दिसभर दुसऱ्याच्या कामाला. मी त्याला कडेवर मारून त्या माळावर शेळ्या राखल्या. पयलं पाऊल त्यानं तिथंच टाकलं, आन तोंडावर पडला. तोंडात माती गेली ती थुकायच्या ऐवजी गिळली बेट्यानं. तवा माळ त्याच्या पोटात हाय म्हन.

माझ्या लेकाला, नवनाथाला, फोटो पाठवू नको. तो मोबाइलवर बोटानं फोटो सरकवतो आन संपलं. तू लिहून कळव. मला दोन दोनदा वाचता येतं.

तुझी,
रंभाताई


चाकण,
१२ मार्च २०२३

ती. ताईंना स्वरूपाचा नमस्कार.

गेले एकदाची. पहिल्यांदा गेले ती तुमचं मन मोडू नये म्हणून. सलवारीला शंभर कुसळं लावून परत आले आणि तुम्हाला मनातल्या मनात नावं ठेवली. पण तुम्ही बस म्हणाला होतात आणि मी नुसतीच चालून आले होते. म्हणून परत गेले. या वेळी बसले.

ताई, ऊन त्या गवताच्या मागून आलं आणि सगळ्या माळाला आतून दिवा लावल्यासारखं झालं. वाळकं म्हणत होते ते गवत वाळकं नाहीच. कुठे तांबूस, कुठे मधासारखं, कुठे अगदी पांढरं. वारा आला की एका कडेकडून दुसऱ्या कडेला लाट जाते. खाडीला भरती येताना मी लहानपणापासून बघितली, पण अशी कोरडी भरती कधी बघितली नव्हती. मग एक घारीसारखा पक्षी आला, घारीपेक्षा सडपातळ, गवताला पोट लागेल इतक्या खालून, आवाज न करता. पार माझ्या अंगावर आला, मला बघितलं, आणि पंख तिरका करून निघून गेला.

बसले असताना एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन आले. म्हणाले, "कोन गं तू?" मी नाव सांगितलं. "म्हंजी रंभीची भावजय? बस, बस मग." जणू माळ तुमच्या नावावरच आहे!

आता ती खिडकी उघडीच असते.

तुमची,
स्वरूपा


अकलूज,
४ एप्रिल २०२३

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

तुझं पत्र मी उशाशी ठिवलंय. तो पक्षी म्हंजी भोवत्या. थंडीचा पावना असतो, आता गेला असंल. टिटवी मातूर जात न्हाई. ती उघड्यावर खड्यांत अंडी घालती, खडा कुठला आन अंडं कुठलं कळत न्हाई. तवा चालताना पायाखाली बघत जा.

माळ माझ्या नावावर न्हाई बरं. बाबा गेल्यावर मी हक्कसोडीवर सही करून दिली. लोक म्हणाले, येडी हाय रंभी, चाकणला जमिनीला सोन्याचा भाव आलाय. मी म्हणलं, भावाचं ते भावाला. एकच मागितलं, माळ इकायचा न्हाई. बाकीचं रान, जुनं घर, काय करायचं ते कर. रवीनं माझ्या पायाला हात लावून सांगितलं, "ताई, तू हायेस तवर माळाला हात लागणार न्हाई."

पावसाळा सरता सरता डोंगरावर जा. समोरनं न्हाई, मागच्या अंगानं वाट हाय. वर गेल्यावर काय दिसतं ते मी सांगत न्हाई. तूच सांग.

रंभाताई


चाकण,
२४ सप्टेंबर २०२३

ती. ताईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलं नाहीत ते बरं केलंत.

रविराजला सुट्टी होती. त्याला ओढूनच नेलं. म्हणाला, "डोंगरावर काय आहे? मी लहानपणी हज्जारदा गेलोय." मागच्या वाटेने चढलो. अर्ध्यावर तेरडा सुरू झाला. आधी पायाशी थोडा, मग गुडघ्यापर्यंत, मग वळण घेतलं तर अख्खी उतरण गुलाबी. वरच्या सपाटीवर सोनकी, इतकी पिवळी की रविराजच्या हनुवटीवर तो रंग पडला होता. ढग आमच्या खालून चालले होते. मग वाऱ्याने ते फाटले आणि पश्चिमेला भीमाशंकराकडचे डोंगर दिसले, एकामागे एक, जवळचा हिरवा, मग निळा, मग नुसत्या धुरासारखा. आणि पायाशी आपला माळ. हिरवागार. मी कोकणातली, मला हिरव्याचं काय कौतुक? पण ताई, मला रडू आलं. आल्या आल्या मी या गावाला इतकी नावं ठेवली आणि हे सगळं माझ्या उशाशी होतं.

दुसऱ्या बाजूला चाकणच्या कंपन्यांची छपरं, चिखलीपर्यंत इमारतीच इमारती. रविराज तिकडेच बघत होता. म्हणाला, "ती निळी छपरं दिसतात ना? मागच्या वर्षी तिथं काहीच नव्हतं." मी म्हटलं, "इकडे बघ ना." तो म्हणाला, "बघितलंय गं."

तुम्ही मला हे सगळं दिलंत. असं गाव बदललं की माहेरून काही आणता येत नाही, तेव्हा नणंदेने माझी ओटी भरली असं समजते.

तुमची,
स्वरूपा


चाकण,
१७ मार्च २०२४

ती. ताईंना नमस्कार.

मधे बरेच दिवस पत्र झालं नाही. तुमची दोन पत्रं आली, पोचली. कामात होते. आम्ही दोघं बरे आहोत. रविराज नोकरी सोडून चिखलीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचं म्हणतोय, त्या धावपळीत आहे.

तुम्ही माळाची खुशाली विचारलीत. माळ छान आहे. गवत पिवळं झालंय. सकाळी ऊन मागून येतं तेव्हा दिवा लावल्यासारखं दिसतं. वारा आला की लाटा जातात. भोवत्याही आला होता. म्हातारबाबा शेळ्या घेऊन भेटतात, तुमची आठवण काढतात.

तब्येतीला जपा.

स्वरूपा


अकलूज,
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

माझं अक्षर तिरकं येतंय, वळी एकमेकींवर चढत्यात, वाचून घे. डोळ्याला जरा त्रास हाय.

तुझी पत्रं आखूड झाली. तरी मी वाचते. टिटवीनं औंदा अंडी घातली का? कुठल्या अंगाला? डोंगराच्या मागची वाट मोकळी हाय ना? समदं कसं हाय ते मोकळ्या मनानं लिही. मला कायबी लिहिलंस तरी चालंल. मी तुला कधी रागं भरले का?

रवी बोलतो का तुझ्यासंगं नीट?

रंभाताई


चाकण,
१ सप्टेंबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

तुम्ही नंबर बदलून घ्या चष्म्याचा. वय झालं की होतंच असं.

टिटवीने अंडी घातली, डोंगराच्या अंगाला. मी लांबूनच बघितली. वाट मोकळी आहे. आता तेरडा फुलेल. रविराज बरा आहे. तुम्ही उगाच काळजी करता.

स्वरूपा


अकलूज,
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

मी दिवाळीला येते. नवनाथ गाडीत बसवून दील, चाकणला रवीनं उतरून घ्यावं. भाऊबीज औंदा तुमच्यात. लई वर्सं झाली, रवीला माझ्या हातानं ओवाळलं न्हाई. तुम्हाला दोघांना समोर बसवून डोळं भरून बघायचं, येवढंच. दोन दिस राहीन, जास्तीचा तरास देणार न्हाई. जेवायला कायबी कर.

रंभाताई


चाकण,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पण या दिवाळीला जमेल असं वाटत नाही. घराला रंग काढलाय, सगळं सामान मधे आलंय. रविराजचं वर्कशॉप नवीन आहे, त्याला भाऊबीजेलाही सुट्टी मिळेल की नाही सांगता येत नाही. तुमची गैरसोय होईल. उन्हाळ्यात सावकाश या. नाहीतर आम्हीच येऊ.

राग मानू नका.

स्वरूपा


चाकण,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, तुमचं पत्र नाही. तिळगूळ पाठवला तो परत आला. पार्सलवर कुणी तरी "घेतले नाही" असं लिहिलंय. म्हणून आता जे लिहायला हवं होतं ते लिहिते.

माळ राहिलेला नाही, ताई. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी नेहमीसारखी उतरले तर गवतात चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. जेसीबी उभा होता. म्हातारबाबा शेळ्या घेऊन रस्त्यावरच थांबले होते. मला म्हणाले, "आता आमी कुठं जायचं, रंभीच्या भावजये?" मी धावत घरी आले. रविराज चहा पीत होता.

"माळावर कुणी तरी घुसलंय," मी म्हटलं.

"घुसलं नाही. दिलाय मी."

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हटलं, "ताईंना शब्द दिला होतास तू. पायाला हात लावून."

तो उठला. म्हणाला, "दोन्ही बाजूंची जमीन गोदामवाल्यांनी घेतली. मधे आपला तुकडा. उद्या जायला वाटसुद्धा ठेवली नसती त्यांनी. आणि काय गं, तुम्ही दोघी पत्रातून माळ माळ करता. ताईनं तिथं फुलं बघितली असतील. मी तिथं ढोरं राखलीत, शाळा बुडवून. पायातली कुसळं संध्याकाळी सुईनं काढायचो. तिला सगळं गोड आठवतं, कारण ती लग्न होऊन गेली. मी राहिलो इथं."

"मग हे त्यांना सांग."

"तू सांगायचं नाहीस. तिचं बीपी वाढेल. ती तिकडं लांब आहे, तिला काय दिसणार आहे? तू लिहीत राहा आपलं."

मला वाटलं होतं, तो म्हणाला म्हणून मी गप्प बसले. खरं म्हणजे मला तुमची पत्रं हवी होती. माळ नाही म्हटल्यावर आपल्या दोघींत दुसरं काय होतं? म्हणून त्याच्या आदल्या वर्षीच्या पत्रांतली वाक्यं काढून तुम्हाला परत लिहिली. गेल्या मार्चपासून लिहिलेलं माळाचं एकही अक्षर खरं नाही. टिटवी नव्हती. वाट बंद आहे, तिच्यावर गोदामाची भिंत आलीय. खिडकीतून निळा पत्रा दिसतो, दुपारी त्याची तिरीप डोळ्यांत जाते.

दिवाळीला तुम्ही आलात तर आधी माळावर जाल, ते तुम्हाला सोसणार नाही, म्हणून नको म्हटलं. घराला रंग काढला नव्हता. तुमचा अपमान करायचं माझ्या मनातही नव्हतं. रविराजला मी हे पत्र दाखवलेलं नाही. तुम्ही हवं ते बोला, पण उत्तर द्या.

तुमची,
स्वरूपा


अकलूज,
२३ फेब्रुवारी २०२५

सौ. स्वरूपास,

हे पत्र मी, विजयश्री, नवनाथची बायको, लिहिते आहे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, मी बोलते तसंच लिही, सुधारू नको. म्हणून तसंच लिहिते.

स्वरूपा, तुझं पत्र मला वाचता आलं न्हाई. माझ्या डोळ्यांत काचबिंदू हाय. कडंकडंनं काळं येत येत आता मधलं बी गेलं. सोलापूरच्या डॉक्टरनं ऑगस्टातच सांगितलं, उशीर झालाय, जे गेलं ते परत येत न्हाई, जे हाय ते बी टिकंल असं सांगत न्हाई. तवा विजयश्रीनं तुझं पत्र वाचलं. मला ऐकू कमी, म्हणून वरडून वाचलं. माझा भाऊ मला काय म्हणला, पायाला हात लावून काय बोलला, ते नवनाथानं ऐकलं, व्याह्यांनी ऐकलं, वसरीत शेजारीण बसली व्हती तिनं बी ऐकलं. आजपतूर या घरात मी माहेरची एक वाईट गोष्ट सांगितली नव्हती.

माळ गेल्याचं मला आषाढातच कळलं. रवीनं वर्कशॉपच्या पूजेला नवनाथाला फोन केला, त्यात त्याच्याच तोंडनं निघून गेलं. मी दोन दिस जेवले न्हाई. मग म्हणलं, भाऊ हाय, त्याची पोटाची काळजी असंल. म्हणून तुला पत्र टाकलं, मोकळ्या मनानं लिही म्हणून. तुला वाट करून दिली. तू टिटवीची अंडी लिहिलीस. मी ते बी वाचलं. मला बरं वाटलं, तुला खोटं सांगत न्हाई. येवढं तरी कुणी माझ्यासाठी करतंय म्हणलं. माळ न्हाई तर न्हाई, माहेर हाय.

दिवाळीचं मी लिहिलं त्यात माळाचं नाव तरी काढलं व्हतं का? काढून बघ पत्र. मी लिहिलं व्हतं, तुम्हाला समोर बसवून डोळं भरून बघायचं. तवा मला अजून समोरचं तोंड दिसत व्हतं. डॉक्टरनं सांगितल्यावर मी इचार केला, काय काय बघून घ्यावं. नातवाला बघितलं. विठोबाला जाऊन आले. रवीचं तोंड तेवढं राहिलं व्हतं. आईसारखंच तोंड हाय त्याचं, आईचा फोटो आमच्यात न्हाई.

तू लिहिलंस, रंग काढलाय, गैरसोय व्हईल.

नवनाथ म्हणला, तसंच जाऊ, दारात उभं राहू. मी न्हाई म्हणलं. बोलावल्याबिगर माहेराला जाणारी मी न्हाई. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. चंद्र बी धड दिसला न्हाई, विजयश्रीनं माझा हात धरून तिकडं वळवला. त्यानंतर म्हैन्यात समदं गेलं. तिळगूळ मीच परत धाडला.

तू वाईट न्हाईस. तुला वाटलं, म्हातारीला माळ लागतो. रवीला बी तसंच वाटलं. मला माणसं लागत व्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

आता इकडं येऊ नका. तुम्ही याल, माझ्यापुढं बसाल, रडाल. मला रडणं दिसणार न्हाई आन ऐकू बी येणार न्हाई, उगा प्रवास. पत्र बी लिहू नको, ते आता घरभर ऐकू जातं.

रवीला येवढंच सांग. लोक रागानं म्हणत्यात, तुझं तोंड बघणार न्हाई. मला तसं म्हणायची बी सोय राहिली न्हाई.

रंभा